कन्व्हेन्शनमध्ये जुनं कॉमिक घेताना डीलरला ते पिशवीतून काढून दाखवायला सांगणं असभ्य दिसतं का?

अजिबात नाही. न बघता घेणं चूक आहे, आणि हे मी ५५० डॉलर मोजून शिकलोय, म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या कन्व्हेन्शनला पहिल्यांदाच जाताय, एक जुनं मार्व्हल घ्यायचं मनात आहे, आणि मित्र म्हणतो की पिशवी उघडायला सांगितली तर डीलरला अपमान वाटतो. हेच वाक्य मी आमच्या भावोजींच्या तोंडून ऐकलंय. ऐकून गप्प बसलो, ते अजून सलतं.

२००८ सालची गोष्ट. मला अमेरिकेत येऊन दोन वर्षं झाली होती, गाडी नव्हती. भावोजींना कॉमिक्समध्ये काडीचा रस नाही, पण ताईने सांगितलं म्हणून शनिवारी गाडीने घेऊन आले. एका हॉटेलच्या हॉलमध्ये ओळीने टेबलं आणि टेबलांवर लांबच लांब खोकी. माझं लहानपण मराठी इंद्रजालमधल्या वेताळावर गेलेलं, आणि इथे माझ्यासमोर इन्क्रेडिबल हल्कचा १८१ वा अंक होता. नोव्हेंबर १९७४. मार्व्हलचा गाजलेला नायक वुल्व्हरीन पहिल्यांदा १८० व्या अंकाच्या शेवटी नुसता डोकावतो, पण पुरता येतो तो १८१ मध्ये. मुखपृष्ठावर किंमत २५ सेंट, डीलरच्या चिठ्ठीवर ६०० डॉलर आणि खाली ‘फाइन’, म्हणजे अंकाची अवस्था चांगली. मायलरची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, मागे बोर्ड, वरून टेप. ५५० वर आला.

मी म्हणणार होतो की जरा काढून दाखवता का. तेवढ्यात भावोजींनी माझं कोपर दाबलं आणि मराठीत म्हणाले, “इथे असं विचारत नाहीत. त्याने फाइन लिहिलंय ना? मग फाइन. भाजी घेतोयस का?” मी पैसे दिले.

रात्री घरी टेप काढली. मुखपृष्ठ सुरेख, पिना गंजलेल्या नाहीत, मधलं पान घट्ट. मग वाचकांच्या पत्रांचं पान उघडलं, तर त्यात चौकोनी खिडकी. १९७४ पासून दोनेक वर्षं मार्व्हल पत्रांच्या पानावर ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापायचं. मुलांनी ते कापून वहीत चिकटवायचे, पहिल्या मालिकेत असे १०० होते. या अंकात ५४ नंबरचा, मार्व्हलच्याच शॅना या नायिकेचा. कुठल्यातरी पोराने तेव्हा तो मन लावून कापला असणार, त्याच्यावर माझा राग नाही. पण स्टॅम्पबरोबर मागच्या बाजूचाही तेवढा तुकडा जातो आणि अंकाची किंमत धाडकन खाली येते. हे मला माहीत होतं. माहीत असून मी विचारलं नाही.

रविवारी भावोजी परत यायला तयार नव्हते, म्हणून ट्रेनने गेलो आणि स्टेशनपासून चालत. डीलर शांतपणे म्हणाला, “काल माझ्या टेबलावरून गेला तेव्हा पिशवी बंद होती. रात्री तुमच्या घरी काय झालं, ते मला कसं कळणार?”

त्या उत्तराचा मला कितीतरी वर्षं संताप यायचा. खिडकी त्याला माहीत होती असं मला अजूनही वाटतं. पण तो बोलला ते खोटं नव्हतं. घरी नेऊन स्टॅम्प कापायचा आणि दुसऱ्या दिवशी पैसे मागायचे, असा गिऱ्हाईकही निघू शकतो. म्हणून तर दोघांच्या डोळ्यांदेखत, टेबलावरच अंक उघडायचा. त्यात डीलरवर संशय नसतो. उघडून दिलेल्या अंकावरून उद्या वाद होत नाही, हे त्याच्याही फायद्याचं असतं. ज्याला यात अपमान वाटतो त्याच्याकडून घेऊच नका.

आणि भाजीचं म्हणाल, तर हेच भावोजी पुण्यात आले की मार्केट यार्डात हापूसची पेटी खालच्या थरापर्यंत उपसून, वास घेऊन घेतात. तिथला आडत्या कधी रुसलेला मी पाहिला नाही. पेटी उपसताना न वाटणारी लाज गोऱ्या माणसासमोर का वाटावी? त्याला ते शिष्टाचार म्हणतात. मला ती भीती वाटते, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

आता विचारायचं कसं. आधी स्वतःशी ठरवा की अंक ठीक निघाला तर या भावात नक्की घ्यायचा. तसं नसेल तर उघडायला लावू नका, तो खरा असभ्यपणा. मग साधं विचारा: “तुम्ही काढून दाखवता, की मी काढू?” बहुतेक डीलर स्वतःच काढतात आणि तेच बरं. तुमच्या हातात दिला तर हात कोरडे आणि स्वच्छ हवेत, पाठीवरची सॅक आधी खाली ठेवा. टेप अर्धवट उचलून ठेवू नका, पूर्ण काढा. अंक बाहेर सरकवताना मुखपृष्ठ टेपला चिकटून फाटतं, आणि ते तुमच्या हातून झालं तर अंक तुमचा. बोर्डासकट बाहेर काढा, पाठ तळहातावर टेकवा, पुस्तकासारखा सताड उलगडू नका. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती घरी ठेवून जा.

पिना, मधलं पान, पत्रांचं पान, जाहिरातींतली कापून पाठवायची कुपनं. मुखपृष्ठाची आतली बाजू जरूर बघा, कारण वरून रंग भरून चरे झाकले असतील तर शाई कधी कधी आत उमटते. कडा जास्तच सरळ आणि ताज्या वाटल्या तर त्या कापल्यात का, हे त्याच आकाराच्या दुसऱ्या अंकाशेजारी धरून बघा. वास घ्या, बुरशी लपत नाही. दोष दिसला तर हळू आवाजात, एकदाच सांगा. शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं बोलून भाव पाडणारे लोक मी पाहिलेत, त्यांना पुढच्या वर्षी कोणी खोक्याला हात लावू देत नाही. घ्यायचा नसेल तर अंक आडवा त्याच्या हातात द्या, पिशवीत त्याला भरू दे.

चार वर्षांनी मी पुन्हा एक १८१ घेतला, एका म्हाताऱ्या डीलरकडून, जास्त पैसे देऊन. मी तोंड उघडायच्या आत त्याने टेप काढली, पत्रांचं पान माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, “आधी हे बघ, मग मुखपृष्ठ.” हे मी भावोजींना सांगितलं. म्हणाले, तो माणूस चांगला होता म्हणून. चांगला होताच. पण चांगला डीलर आपणहून उघडून दाखवतो, मग दुसऱ्याला विचारण्यात गैर काय?

काही गोष्टी राहिल्या. सीजीसी ही कॉमिक्स तपासून दर्जा ठरवणारी कंपनी, तिच्या बंद प्लास्टिक डबीतला अंक उघडायला सांगू नका, तिथे डबीला तडा आहे का आणि लेबलचा रंग कोणता ते बघा: निळं म्हणजे नेहमीचं, जांभळं म्हणजे दुरुस्ती केलेला, हिरवं म्हणजे एखादा ठळक दोष वेगळा नोंदवलेला. कापलेल्या स्टॅम्पचे अंक या हिरव्यात दिसतात. डॉलर-दोन डॉलरच्या खोक्यातला प्रत्येक अंक उघडत बसू नका. शनिवारी दुपारी गर्दी असते, तेव्हा डीलर दुसऱ्याशी व्यवहार करत असेल तर थांबा. १९४० च्या आसपासचे फार महाग अंक काहीजण हातात देत नाहीत, स्वतः पानं उलटून दाखवतात. तेवढं पुरे. सरळ नाहीच म्हणाला, तर आभार मानून पुढच्या टेबलाकडे जा.

रविवारी दुपारनंतर भाव उतरतात, कारण खोकी परत न्यायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो. पण हवा तो अंक तोवर टिकेलच असं नाही, म्हणून शनिवारी सकाळी दारं उघडताच जा. मित्राला न्यायचं तर न्या, फक्त टेबलापाशी तुमच्या कोपराजवळ उभा राहू देऊ नका.