डाळिंबातल्या अँटिऑक्सिडंटमुळे शरीरातली सूज खरंच उतरते का?

हातभार लागू शकतो, पण औषधाची जागा ते घेत नाही. पेशी ऊर्जा तयार करताना फ्री रॅडिकल्स, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी अपुरी असलेले अस्थिर कण, निघतातच. तंबाखू आणि धुराने ते वाढतात. फार झाले की पेशीतलं एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन जागं होतं आणि सूज वाढवणारी जनुकं चालू करतं. अँटिऑक्सिडंट या रॅडिकल्सना इलेक्ट्रॉन देऊन थंड करतात.

आता आपल्या सोलापूरच्या डाळिंबाचं. त्यातलं प्युनिकॅलॅजिन नावाचं मुख्य अँटिऑक्सिडंट जसंच्या तसं रक्तात फारसं उतरत नाही. आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन नावाचं लहान द्रव्य करतात, ते रक्तात जातं. हे जिवाणू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात, कदाचित म्हणूनच एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला काहीच जाणवत नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

भगवा जातीचं डाळिंब सोलताना दाण्यांमधला पिवळट पापुद्रा थोडा राहिला तर राहू द्या. कडवट लागतो, पण ही द्रव्यं त्यातच जास्त असतात.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांच्या नादी मात्र लागू नका. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन (गाजरात असतं ते अँटिऑक्सिडंट) गोळ्यांतून दिलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर उलट वाढलेला दिसला (१९९४). आणि सांधे सुजत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, चालू औषध मनाने बंद करू नका.