नदीच्या तळाखालच्या किड्यांना जड धातूंचा त्रास होतो का? गोदावरीचं पाणी तर स्वच्छ दिसतं

होतो, आणि पाणी नितळ दिसलं तरी होतो. आपल्या नाशकात गोदावरीच्या वाळू-गोट्यांच्या फटींतून पाणी खाली मुरतं, परत वर येतं, आणि त्या अंधारात अळ्या, कृमी, इवले कवचधारी जीव राहतात. तांबं, जस्त, कॅडमियम बारीक गाळाला चिकटून तिथंच साठतात. तांब्यामुळे या जीवांना अंगातलं सोडियम टिकवता येत नाही, मेफ्लाय या नाजूक उडत्या किड्याच्या अळ्या बहुतेक आधी गायब होतात, लाल कायरोनोमिड (डासासारख्या, न चावणाऱ्या माशीच्या) अळ्या तग धरतात पण त्यांचे दात वेडेवाकडे होतात, आणि माझ्या मनाला हे फार लागतं कारण फटी उकरून मोकळ्या ठेवणारे हेच जीव. पुरात गाळ ढवळला की साठलेले धातू परत पाण्यात. म्हणून नुसतं पाण्याचं सॅम्पल नको, गाळही तपासायलाच हवा.