८५,००० डॉलर्सचं खासगी नर्सिंग कॉलेज की कम्युनिटी कॉलेजची वाट?

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी: पुण्याचं बी.कॉम., आता कॅलिफोर्नियात ग्रीन कार्डवर, कम्युनिटी कॉलेजात (सरकारी, कमी फीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात) नर्सिंगला दोनदा नंबर लागला नाही, आणि एका खासगी कॉलेजनं ८५,००० डॉलर्समध्ये लगेच प्रवेश देऊ केलाय. घरचे म्हणतात, नर्सला वर्षाला लाख डॉलर्सच्या वर पगार आहे, कर्ज सहज फिटेल. मी कम्युनिटी कॉलेजातूनच आर.एन. (लायसन्स असलेली रजिस्टर्ड नर्स) झाले आणि आता हॉस्पिटलच्या वॉर्डात नव्या नर्सेसची प्रिसेप्टर, म्हणजे कामावर शिकवणारी सीनियर नर्स, असते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. माझं मत मात्र आधीच सांगते: हे कर्ज काढू नका.

पगाराचा जो आकडा तुम्ही पाहिलात तो नवख्या नर्सचा नाही. मे २०२४च्या सरकारी आकडेवारीत देशभरातल्या आर.एन.चा मध्यम (मीडियन) पगार वर्षाला ९३,६०० डॉलर्स आहे, आणि सगळ्यात खालच्या दहा टक्क्यांना ६६,०३०पेक्षा कमी मिळतात. कॅलिफोर्नियाची सरासरी याहून बरीच वर आहे, पण त्यात वीस वर्षं काढलेल्या बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) नर्सेसही मोजल्या आहेत. तुमची सुरुवात सेंट्रल व्हॅलीत, म्हणजे राज्याच्या मधल्या शेतीच्या पट्ट्यात, झाली तर गणित वेगळंच होईल.

ऑफर लेटर हातात आलं की तासाच्या दराइतकंच लक्ष एफ.टी.ई.वर (पूर्णवेळ नोकरीचा किती हिस्सा तुम्हाला मिळतोय त्यावर) द्या. समजा दर ५५ डॉलर्स आहे. बाहेरची माणसं त्याला २,०८० तासांनी (आठवड्याला ४० तास, वर्षभर) गुणतात. पण आठवड्याला बारा तासांच्या तीन शिफ्ट म्हणजे ०.९ एफ.टी.ई., वर्षाचे १,८७२ तास, म्हणजे जवळपास १,०३,००० डॉलर्स. आणि ०.६ची जागा (आठवड्याला दोनच शिफ्ट) मिळाली, जी नव्यांना मिळू शकते, तर तोच दर वर्षाला ६८,६४० वर येतो. यातून टॅक्स जायचा आहे. नाइट डिफरन्शियल (रात्रपाळीचे जादा पैसे) मिळतं, पण लहान मुलं घरी असतील तर नाइट किती वर्षं झेपेल हे तुम्हालाच ठरवावं लागेल.

आता कर्जाकडे वळू. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला (अभ्यासक्रमाच्या एका क्रेडिटला) ४६ डॉलर्स आहे. प्रीरिक्विझिट (नर्सिंगआधी करावे लागणारे विषय) धरून ७० युनिट झाले तरी ३,२२० डॉलर्स. पुस्तकं, गणवेश, लसी, बॅकग्राउंड चेक, लायसन्सचा अर्ज, एन.सी.एल.ई.एक्स. या लायसन्सच्या परीक्षेचे २०० डॉलर्स, हे सगळं धरून मी सात-आठ हजार म्हणेन. पेल ग्रँटवर (परत न करावी लागणारी फेडरल मदत) विसंबू नका; पहिली पदवी झालेल्यांना ती मिळत नाही, आणि भारतातली पदवीही त्यात धरतात. (एच-४वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्यांसाठी: फेडरल कर्जच मिळत नाही, आणि रहिवाशाची फी लागू होते का हे राज्यागणिक बदलतं, आधी विचारून घ्या.)

खासगी कॉलेजच्या ८५,०००पैकी फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज पहिल्या वर्षी ९,५०० आणि दुसऱ्या वर्षी १०,५०० एवढंच मिळेल. उरलेले ६५,००० खासगी बँकेचे, बहुधा नवऱ्याच्या को-साइनर (जामीनदार) म्हणून सहीवर. व्याज ९ टक्के धरलं तर दहा वर्षं महिना सुमारे ८२० डॉलर्स, वर फेडरलचे सव्वादोनशे. नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलात नोकरी करत १२० हप्ते भरल्यावर माफी मिळते, ती फक्त फेडरल कर्जाला. खासगी बँकेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

"पण थांबण्यात एक वर्षाचा पगार बुडतो ना?" हा मुद्दा खरा आहे, आणि प्रवेश देणारे काउन्सेलर हाच पुढे करतात. पण ते, नर्सिंग पूर्ण होऊन लायसन्स पदरात पडेलच, असं धरून चालतात. दुसऱ्या सेमिस्टरला फार्माकॉलॉजीत (औषधशास्त्रात) किंवा क्लिनिकलला (हॉस्पिटलातल्या प्रात्यक्षिकाला) नापास होऊन बाहेर पडलेल्या चांगल्या, हुशार मुली मी पाहिल्या आहेत. कम्युनिटी कॉलेजात त्या वेळी दीड-दोन हजार गेलेले असतात. खासगीत तीस-चाळीस हजार गेलेले असतात, आणि फेडायला नर्सचा पगार नसतो. माझ्यासाठी प्रश्न इथेच निकाली निघतो.

बी.एस.एन.ची (नर्सिंगच्या चार वर्षांच्या पदवीची) चिंता करू नका. ए.डी.एन. (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) आणि बी.एस.एन. दोघांची परीक्षा एकच, लायसन्सही एकच. मोठी हॉस्पिटलं बी.एस.एन.ला झुकतं माप देतात हे खरं, आणि न्यू यॉर्कनं तर २०१७मध्ये दहा वर्षांत बी.एस.एन. करण्याचा कायदाच केला. पण नोकरी लागल्यावर ऑनलाइन आर.एन. टू बी.एस.एन. करता येतं, आणि कंपनीनं शिक्षणाला दिलेले वर्षाला ५,२५० डॉलर्सपर्यंत करमुक्त असतात.

तर या वर्षी काय करायचं? एकाच कॉलेजच्या लॉटरीवर बसू नका. तासाभराच्या अंतरातली सगळी कॉलेजं काढा, टी.ई.ए.एस. या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर आणि सायन्सचे ग्रेड जिथे मोजतात तिथे आधी अर्ज करा. मधल्या काळात सी.एन.ए.चा (नर्सिंग सहायकाचा) कोर्स करून नर्सिंग होममध्ये किंवा हॉस्पिटलात काम धरा. पैसे येतातच, आणि काही कॉलेजं त्या अनुभवाचे गुणही देतात. शिवाय रात्री तीन वाजता माणसाला कूस बदलून देणं आपल्याला जमतं का, हे फी भरण्याआधी कळतं.

तरीही खासगीचाच विचार असेल तर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: सुरुवात केलेल्यांपैकी किती जण वेळेत पूर्ण करतात, आणि इथले क्रेडिट्स स्टेट युनिव्हर्सिटी धरते का. लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात पास होणाऱ्यांचं प्रमाण राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवर कॉलेजवार असतं, ते स्वतः बघा. उत्तर द्यायला टाळाटाळ करून "सीट शुक्रवारपर्यंतच आहे" असं म्हणाले, तर ती सीट सोडून द्या.