मॅनेजरला नारळ नेमका कधी मिळतो?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

५ जानेवारी २०२६ रोजी मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने आपले मॅनेजर रुबेन अमोरिम यांना घरी पाठवलं आणि आमच्याकडे पत्रांची रीघ लागली. एकाच अर्थाची पत्रं एकत्र करून सहा प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (कोल्हापूर) : युनायटेड १५व्या क्रमांकावर होती तेव्हा अमोरिमना ठेवलं आणि सहाव्या क्रमांकावर असताना काढलं. यात काही हिशेब आहे का?

हिशेब आहे, पण तो गुणतक्त्यात सापडायचा नाही. २०२४-२५च्या हंगामात युनायटेडने ४२ गुण मिळवले. १९७४ मध्ये खालच्या श्रेणीत गेल्यानंतर इतका खालचा क्रमांक क्लबने पाहिला नव्हता. अमोरिम हंगाम चालू असताना आले. त्यांच्या वाट्याला आलेल्या २७ लीग सामन्यांत ७ विजय, ६ बरोबरी आणि १४ पराभव. सामन्यामागे मोजून एक गुण. मे महिन्यात बिलबाओला युरोपा लीगची अंतिम लढत टॉटनहॅमने १-० अशी नेली. ऑगस्टमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीने पेनल्टीवर १२-११ असं हरवून लीग कपातून बाहेर काढलं.

तरी ठेवलं, कारण तोंड आणि खिसा दोन्ही पोळलेले होते. आधीचे मॅनेजर एरिक टेन हाग यांचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला आणि ऑक्टोबर संपायच्या आत त्यांना काढलं. ते आणि त्यांचे सहायक यांना मोकळं करण्यापोटी क्लबच्या हिशेबात १ कोटी ४ लाख पौंडांचा खर्च लागला. वर अमोरिमना सोडवायला त्यांच्या पोर्तुगालमधल्या क्लबला, स्पोर्टिंग लिस्बनला, सुमारे १ कोटी १० लाख युरो मोजले. लगेच पुन्हा तेच करणं म्हणजे आपलीच निवड चुकली हे चारचौघांत कबूल करणं.

जानेवारीत बिघडलं ते वरच्या मजल्याशी. अमोरिम यांचं कागदावरचं पद ‘मुख्य प्रशिक्षक’ होतं. या पदावरचा माणूस सराव घेतो आणि अकरा जण निवडतो. खेळाडूंची खरेदी आणि संघाची दिशा फुटबॉल संचालक ठरवतो. ४ जानेवारीला लीड्सशी १-१ बरोबरी झाल्यावर आपण मॅनेजर व्हायला आलो, नुसते प्रशिक्षक व्हायला नाही, असं ते पत्रकारांपुढे बोलून गेले. दुसऱ्या दिवशी नारळ. हरणारा माणूस मालकांना बराच काळ चालतो. कॅमेऱ्यासमोर अधिकार मागणारा एक दिवसही चालत नाही.

प्रश्न (पुणे) : अमोरिम यांच्या ३-४-२-१ रचनेवर सगळे तुटून पडायचे. त्यात चुकत काय होतं आणि टीव्हीवर ते कसं ओळखायचं?

मागे तीन बचावपटू. मध्ये चौघं, त्यातले कडेचे दोघं विंगबॅक, म्हणजे कडेने बचावही करायचा आणि चढाईही. त्यांच्यापुढे दोन आक्रमक मिडफिल्डर आणि टोकाला एक स्ट्रायकर. खरी गोम मधल्या दोघांत आहे. युनायटेडकडे तिथे बहुतेक वेळा कासेमिरो आणि ब्रुनो फर्नांडिस असायचे. पहिल्याचे पाय आता पूर्वीसारखे धावत नाहीत, दुसऱ्याचं कसब गोलच्या जवळ जास्त खुलतं. समोरचा संघ मध्ये तिघं ठेवून खेळला की त्यांचा एक माणूस मोकळा राहणारच, यात डावपेचाचं कोडं नाही, साधी वजाबाकी आहे.

त्या मोकळ्या माणसाला कोणी धरायचं? मागच्या तिघांतला एक पुढे झेपावला तर त्याच्या पाठीमागे खिंडार. पुढच्या दोघांतला एक मागे आला तर चेंडू हिसकावल्यावर पुढे द्यायला एकटा स्ट्रायकर. आणि कोणीच गेलं नाही तर प्रतिस्पर्धी पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी डोकं वर करून, निवांत पास निवडतो. युनायटेडला गोल होताना हे तिन्ही प्रकार आलटून पालटून दिसले.

पाहताना असं करा. प्रतिस्पर्ध्याचा गोलरक्षक गोलकिक घेतो तेव्हा कॅमेरा लांबून धरलेला असतो. तिथे चित्र थांबवा आणि मधल्या वर्तुळाच्या आसपास दोन्ही संघांची माणसं मोजा. मग विंगबॅक कुठल्या रेषेत उभे आहेत ते बघा. ते मागच्या तिघांच्या ओळीत चिकटले असतील तर बचाव पाच जणांचा झाला आणि त्यांच्यापुढे उरले फक्त दोघं. हीच मोजणी पहिल्या दहा मिनिटांत एकदा आणि साठाव्या मिनिटानंतर एकदा करा. पहिल्यांदा विंगबॅक पुढे आणि दुसऱ्यांदा मागे दिसले, तर संघ दमला आहे किंवा ढकलला गेला आहे. शेवटी खेळाडू-बदल. हरत असतानाही विंगबॅकच्या जागी विंगबॅक आणि मिडफिल्डरच्या जागी मिडफिल्डरच येत असेल, तर बाकावरून फक्त ताजे पाय मिळाले, नवा विचार आला नाही.

रचनाच नासकी होती असं मात्र समजू नका. याच मांडणीवर अमोरिम यांनी स्पोर्टिंगला २०२१ मध्ये १९ वर्षांनी पोर्तुगालचं विजेतेपद मिळवून दिलं आणि २०२४ मध्ये पुन्हा. तिकडे बहुतेक सामन्यांत चेंडू स्पोर्टिंगकडेच असायचा, त्यामुळे मधल्या दोघांची झाकपाक व्हायची. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत, तळाचा संघही पळवून पळवून दमवतो.

मग हट्ट का? सप्टेंबर २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीने ३-० असं धुतल्यावर, पोपने सांगितलं तरी आपण पद्धत बदलणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. ती बदलली २६ डिसेंबरला, न्यूकॅसलविरुद्ध. मागे चौघं ठेवून युनायटेड १-० जिंकली. चारच दिवसांनी वुल्व्हजविरुद्ध पुन्हा तिघं. त्या वुल्व्हजच्या खात्यात तोवर १८ सामन्यांत २ गुण होते. सामना १-१ सुटला आणि ओल्ड ट्रॅफर्डवर, युनायटेडच्या घरच्या मैदानावर, शिट्टी वाजताच हुर्यो उडाली. हरल्यावरच्या हुर्योपेक्षा ही वेगळी होती. औषध लागू पडलेलं दिसत असताना पुन्हा जुनी पुडी का सोडली, हा त्यातला सवाल होता.

प्रश्न (ठाणे) : मॅनेजरवरचा विश्वास कधी सोडावा? नुसत्या निकालांवरून ठरवणं अन्यायाचं वाटतं.

निकाल बघाच, पण पाच-सहा सामन्यांवरून काही ठरवू नका. किमान दहा सामन्यांचा ‘एक्सजी’ काढा. प्रत्येक फटक्यावर गोल होण्याची शक्यता ० ते १ मध्ये मांडतात, त्यांची बेरीज म्हणजे एक्सजी. एका पेनल्टीचा आकडा ०.७५ ते ०.८० धरतात. म्हणून पेनल्टी वगळलेला आकडा घ्या. नाहीतर दोन पेनल्टी मिळालेला रडका सामनाही देखणा दिसतो. आपला एक्सजी वजा प्रतिस्पर्ध्याचा एक्सजी ही वजाबाकी दर दहा सामन्यांनी सुधारत असेल आणि गुण येत नसतील, तर थांबण्यात अर्थ आहे. गुण येताहेत पण वजाबाकी घसरते आहे, तर गोलरक्षकाचे आभार माना आणि सावध राहा.

आकड्यांइतकंच महत्त्वाचं : मॅनेजर काही नवं करून बघतो का? डिसेंबर २०२० मध्ये मिकेल आर्तेताचा आर्सेनल १४ सामन्यांत १४ गुणांवर, १५व्या स्थानी होता. २६ डिसेंबरला चेल्सीविरुद्ध त्यांनी एमिल स्मिथ रो, बुकायो साका आणि मार्टिनेली या पोरांना सुरुवातीपासून उतरवलं. सामना ३-१ जिंकला आणि दोन फळ्यांमध्ये चेंडू घेणारा माणूस संघाला सापडला. पुढच्या हंगामाचे पहिले तीन सामने एकही गोल न करता हरूनही आर्सेनल पाचवा आला, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा.

युनायटेडचे जुने मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांचं उदाहरण मात्र दर वेळी पुढे करू नये. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांना निरोप देणारा फलक ओल्ड ट्रॅफर्डवर झळकला होता हे खरं, पण त्या वेळचे क्लब, पैसा आणि धीर यांची आजच्याशी तुलनाच होत नाही.

प्रश्न (नाशिक) : नवा मॅनेजर आला की संघ लगेच जिंकू लागतो. हे खरंच घडतं की भास?

दोन्ही. मॅनेजरला काढतात तेच मुळी नशीब सगळ्यात जास्त फिरलेलं असताना, त्यामुळे काहीही न करता थोडी सुधारणा होणारच होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये लेस्टरने क्लॉदिओ रानिएरींना काढलं, प्रीमियर लीग जिंकून दिल्याला वर्षही झालं नव्हतं. त्यांचे सहायक क्रेग शेक्सपियर यांनी पुढचे पाच लीग सामने ओळीने जिंकले. आणि ऑक्टोबरमध्ये शेक्सपियरही गेले. पहिल्या पाच सामन्यांवर भाळू नका, एवढंच.

प्रश्न (लंडन) : माझ्याकडे सीझन तिकीट आहे. निषेध करायचा तर परिणाम होईल असा मार्ग कोणता?

विमानामागे फलक उडवणं दिसायला झकास, पण ते अंगावर उलटतं. २९ मार्च २०१४ रोजी युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर डेव्हिड मोयेस यांच्याविरोधी फलक घेऊन विमान आलं तेव्हा प्रेक्षकांनी विमानाची हुर्यो उडवली आणि मोयेस यांना टाळ्या दिल्या. ते गेले २२ एप्रिलला. विमानामुळे नव्हे, चॅम्पियन्स लीगची जागा हुकली म्हणून.

परिणाम होतो तो एका मागणीचा आणि रिकाम्या खुर्च्यांचा. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलंडविरुद्ध २-० आघाडी असताना लिव्हरपूलचे हजारो चाहते ७७व्या मिनिटाला उठून गेले, कारण नव्या स्टँडमध्ये ७७ पौंडांचं तिकीट जाहीर झालं होतं. सामना २-२ सुटला आणि चार दिवसांत मालकांनी ते तिकीट मागे घेतलं. मिनिट आणि किंमत एकच ठेवली, त्यामुळे समालोचकाला कारण सांगावंच लागलं. मॅनेजरच्या बाबतीत इतकी नेमकी मागणी जमत नाही, कारण अर्धं मैदान त्याच्या बाजूने असतं.

फलक नेणार असाल तर क्लबची परवानगी आधी घ्या. मोठ्या कापडाला बहुतेक ठिकाणी अग्निरोधक असल्याचा दाखला मागतात. मैदानात उतरू नका आणि काही फेकू नका. १९९१च्या कायद्याने इंग्लंडमध्ये दोन्ही गुन्हे आहेत आणि सामने पाहण्यावरची बंदी किमान तीन वर्षांची असते.

प्रश्न (मडगाव) : १४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्यात भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. प्रशिक्षक खालिद जमील यांना काढायला हवं का?

त्या एका रात्रीवरून तरी नाही. आधीचे प्रशिक्षक इगॉर स्टिमॅक जून २०२४ मध्ये गेले. मानोलो मार्केझ यांनी एफसी गोवा सांभाळत देशाचा संघही चालवला आणि आठ सामन्यांत एक विजय मिळवून ते गेले. जमील ऑगस्ट २०२५ मध्ये आले, तेव्हा पात्रता फेरीची घसरगुंडी सुरू झालेली होती. क्लबच्या मॅनेजरला खेळाडू रोज भेटतात, राष्ट्रीय प्रशिक्षकाला शिबिराचे मोजके दिवस मिळतात. त्यातही देशातल्या मुख्य लीगचा, आयएसएलचा हंगाम सुरू झालेला नव्हता, म्हणजे लीगच्या सामन्यांचा सराव नसलेली पोरं.

जाब विचारायचा तर नेमका विचारा. छांगतेने १४व्या मिनिटाला गोल करून दिल्यावर संघ मागे का सरकला? सिंगापूरच्या साँग उई-यंगला मध्यंतराच्या तोंडावर पहिला गोल करू दिला, मग ५८व्या मिनिटाला त्यालाच दुसरा करायला मोकळीक कशी मिळाली? चित्रफीत असेल तर ४०वं ते ६०वं मिनिट पुन्हा बघा. वर सांगितलेली माणसांची मोजणी तिथे करून पाहा.