रुग्णाला नेताना ओलांडलेला लाल सिग्नल : कायद्यात मुभा आहे का?

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडला राहतो आणि एका कंपनीच्या कर्मचारी-बसवर चालक आहे. गेल्या महिन्यात मध्यरात्री माझ्या 67 वर्षांच्या वडिलांच्या छातीत कळ आली आणि त्यांना दरदरून घाम फुटला. रुग्णवाहिकेसाठी फोन केला, पण ती यायला अर्धा तास लागेल असे समजल्यामुळे त्यांना माझ्याच गाडीत घालून मी निघालो. वाटेत दोन सिग्नल लाल असताना ओलांडले. पहाटे एकटा परत येताना रस्ता रिकामा होता, म्हणून तिसराही ओलांडला. वडील सुखरूप घरी आले आहेत, पण तिन्हींची ई-चलने आली आहेत. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. अशा प्रसंगी सिग्नल तोडण्याची कायद्यात मुभा नाही का? चलने भरून टाकली तर लायसन्सला धोका आहे का? आणि सिग्नलला उभे असताना मागून रुग्णवाहिका आली तर काय करावे?

उत्तर : आपले वडील सुखरूप घरी आले हे वाचून बरे वाटले. आपल्या तिन्ही चलनांना मी एकच उत्तर देऊ शकत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ती तीन वेगवेगळी कृत्ये आहेत. तसे का, ते सविस्तर सांगतो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 119 नुसार प्रत्येक चालकाने वाहतूक नियंत्रक दिव्याचा आणि तिथे वाहतुकीचे नियमन करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा निर्देश पाळलाच पाहिजे. घरात आजारी माणूस असेल तर खाजगी वाहनाने लाल दिवा ओलांडावा, अशी सवलत या कलमात नाही. सवलत आहे ती रुग्णवाहिका, अग्निशमन दलाचा बंब, पोलिसांचे वाहन अशा आपत्कालीन वाहनांना, आणि तीही सरसकट नाही. मोटार वाहने (चालन) विनियम, 2017 प्रमाणे खरोखर तातडीच्या कामावर असताना, दिवा आणि सायरन चालू ठेवून, वेग कमी करून आणि पुरेशी काळजी घेऊनच त्यांनी लाल सिग्नल ओलांडायचा असतो. चारही इंडिकेटर लावून, हॉर्न वाजवत, खिडकीतून पांढरा रुमाल धरून रुग्णाला नेण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. त्यामुळे लोक वाट देतात आणि ती माणुसकीच आहे, परंतु त्या रुमालाने खाजगी गाडीची रुग्णवाहिका होत नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम 134अ पुष्कळांना ठाऊक असते. ते मोटार अपघातातील जखमींच्या मदतीपुरते आहे; आपल्या प्रसंगाला ते लागू पडत नाही.

म्हणजे आधीपासून हातात असलेली परवानगी नाही. कृत्य घडून गेल्यावर मांडता येईल असा एक बचाव मात्र आहे, आणि त्याचा आधार मोटार वाहन अधिनियमात नसून भारतीय न्याय संहितेच्या कलम 19 मध्ये आहे. 1 जुलै 2024 पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम 81 मध्ये होती. अपाय होण्याचा संभव आहे हे माहीत असूनही, अपाय करण्याचा गुन्हेगारी हेतू न ठेवता, सद्भावनेने आणि माणसाला किंवा मालमत्तेला होणारा दुसरा अपाय टाळण्यासाठी एखादे कृत्य केले असेल, तर केवळ त्या जाणिवेमुळे ते गुन्हा ठरत नाही, असा त्याचा आशय आहे. संहितेतील हे सर्वसाधारण अपवाद विशेष कायद्यांखालील गुन्ह्यांनाही लागू होतात, म्हणून वाहतुकीच्या खटल्यातही हा मुद्दा मांडता येतो. दंडाधिकारी तो मान्य करतीलच अशी हमी मी देऊ शकत नाही, कारण टाळायचे संकट इतके गंभीर आणि इतके निकट होते का की त्यासाठी धोका पत्करणे क्षम्य ठरावे, हा प्रश्न त्या कलमानेच प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवर सोपवला आहे.

त्या कलमाखाली जहाजाच्या कप्तानाचे उदाहरण दिले आहे. जहाज आहे त्याच दिशेने गेले तर 20-30 प्रवाशांची एक नौका बुडणार, आणि दिशा बदलली तर दोन प्रवाशांच्या दुसऱ्या नौकेला धोका होणार. स्वतःची काहीही चूक किंवा हयगय नसताना तो या पेचात सापडलेला आहे, हे शब्द त्या उदाहरणात आवर्जून घातलेले आहेत. पण आपल्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘सद्भावना’ हा शब्द. व्यवहारात आपण त्याचा अर्थ चांगला हेतू असा घेतो, आणि आपला हेतू चांगला होता याविषयी कोणालाच शंका नसावी. परंतु संहितेच्या कलम 2 मध्ये या शब्दाची व्याख्या आहे : योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असे म्हणता येत नाही. त्यामुळे आपण सिग्नल का ओलांडला याइतकेच तो कसा ओलांडला हे निर्णायक ठरते.

आता आपण पाठवलेली छायाचित्रे पाहू. पहिल्या चलनावर दोन चित्रे आहेत. एकात पुढची चाके थांबा-रेषेवर आहेत आणि मागचे ब्रेकचे दिवे स्पष्ट लागलेले दिसतात. दुसऱ्यात गाडी चौकाच्या मध्यावर आहे आणि चारही इंडिकेटर चालू आहेत. दोन्ही चित्रांच्या कोपऱ्यात छापलेल्या वेळेत सहा सेकंदांचे अंतर आहे. तेवढ्या वेळात गाडी अंदाजे 15 मीटर पुढे गेली असेल, तर तिचा वेग ताशी 9 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडाच जास्त होता. आपण थांबलात, दोन्ही बाजू पाहिल्यात आणि मग हळूहळू निघालात, हे आपल्या तोंडच्या शब्दांपेक्षा हे चित्र अधिक खात्रीने सांगते. दुसऱ्या चलनावर तेवढेच अंतर एका सेकंदात कापलेले दिसते, म्हणजे वेग ताशी 54 किलोमीटर. वडील तेच, दुखणे तेच, रात्रही तीच; पण आडव्या रस्त्याने हिरवा दिवा पाहून विश्वासाने येणाऱ्या दुचाकीस्वाराला तिथे वाचायला जागाच नव्हती. आपल्या वडिलांसाठी आपण पत्करलेला तो धोका प्रत्यक्षात त्याच्या माथी होता, आणि त्याला कोणी विचारले नव्हते. दुर्दैवाने कोणी दगावले असते, तर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि गाडीत रुग्ण होता एवढ्या कारणाने मोटार अपघात दाव्यातील भरपाईची जबाबदारी टळली नसती. हे मी आपल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. छातीवर हात दाबून बसलेल्या वडिलांशेजारी स्टिअरिंग धरलेल्या मुलाची अवस्था मला समजते. परंतु दुसऱ्या चलनावर बचाव घेण्याचा सल्ला मी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही.

तिसऱ्या चलनाला कोणताही बचाव नाही. रस्ता रिकामा असल्याने सिग्नल ऐच्छिक होत नाही.

आपण लायसन्सबद्दल विचारले आहे आणि ती काळजी रास्त आहे, कारण आपली रोजीरोटी त्यावर आहे. आपल्या तिन्ही चलनांवर कलम 119 सह 177 लिहिलेले आहे. कलम 177 खाली पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत आणि त्यानंतर 1500 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मात्र लाल सिग्नल तोडणे हे कलम 184 मधील धोकादायक वाहन चालवण्यातही स्पष्टपणे समाविष्ट झाले आहे. तिथे पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय कलम 206 खाली लायसन्स जप्त करून ते अपात्रतेच्या कारवाईसाठी परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवता येते. आपल्यावर आज ते कलम लावलेले नाही, ही जमेची बाजू आहे. पण पैसे भरले की विषय संपला, असेही समजू नये. कलम 200 प्रमाणे तडजोड शुल्क भरून मिटवलेला गुन्हा पुढच्या वेळी पूर्वीचा गुन्हा म्हणूनच मोजला जातो. व्यावसायिक चालकाने 500 रुपयांच्या चलनाकडेही या नजरेने पाहिले पाहिजे.

म्हणून माझा सल्ला असा की दुसरे आणि तिसरे चलन भरून टाकावे आणि हरकत फक्त पहिल्याला घ्यावी. दोन ठिकाणी चूक मान्य करणाऱ्या माणसाच्या उरलेल्या म्हणण्याकडे अधिकारी आणि न्यायालय अधिक विश्वासाने पाहतात, असा माझा अनुभव आहे. हरकत महाट्रॅफिक ॲपवरील तक्रारीच्या सोयीतून किंवा वाहतूक शाखेकडे लेखी अर्ज देऊन नोंदवता येते, आणि तिची पोच जपून ठेवावी. चलनावर छापलेली मुदत चुकवू नये. हरकत फेटाळली गेली तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांसमोर जाईल. तिथे गुन्हा कबूल नसल्याचे सांगून कलम 19 चा बचाव मांडावा लागेल. लोकअदालतीत रक्कम कमी करून मिळेल या आशेने पहिले चलन तिकडे नेऊ नका, कारण तिथे तडजोड होते, निर्दोषत्वाचा निवाडा होत नाही.

रुग्णवाहिकेच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. तिला वाट न देणे हा कलम 194ई खाली गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. पण त्या कलमाने आपल्याला चौक पार करण्याची मुभा मिळत नाही. शक्य तितके डावीकडे सरकावे. अगदीच जागा नसेल तर थांबा-रेषेच्या पुढे आवश्यक तेवढेच जाऊन तिथेच उभे राहावे. चलन आलेच तर छायाचित्रात मागची रुग्णवाहिका बहुधा दिसते आणि तोच हरकतीचा आधार होतो. चौकातल्या पोलिसाने हात करून पुढे बोलावले, तर लाल दिवा असतानाही त्याचा इशारा पाळावा.

आता पुराव्याविषयी. अपवादाचा आधार घेणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा असतो, असे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 108 सांगते. तो संशयातीत सिद्ध करावा लागत नाही. आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे एवढे दाखवता आले की पुरते. मोबाईलमधील रुग्णवाहिकेला केलेल्या फोनची वेळ, रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातील नोंदीची वेळ, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड आणि ईसीजी एका ओळीत लावले की पहिल्या चलनावर छापलेली 2 वाजून 41 मिनिटे ही वेळ त्यांच्यामध्ये आपोआप बसते. रुग्णवाहिकेला आधी फोन केला होता, ही नोंद विशेष मोलाची आहे, कारण दुसरा मार्ग होता का, हा प्रश्न आपल्याला नक्की विचारला जाईल. फोनमधली जुनी यादी पुसली जाण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढून ठेवा. ईसीजीची पट्टी उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असते आणि काही महिन्यांत तिच्यावरचे अक्षर उडते. तिची छायाप्रत आजच काढून घ्या आणि तिच्यावरची तारीख व वेळ स्पष्ट उमटली आहे ना, हे दुकानातून निघण्यापूर्वी पाहा.