पहिल्यांदाच मुदतीचा अर्ज देताय?

दिवाणी दाव्यात तारीख वाढवून मागायची आहे आणि वकील अजून लावलेला नाही, म्हणून घाबरू नका. मुदतीचा अर्ज एका पानात बसतो. सगळा जीव कारणात असतो.

‘काही अडचणीमुळे’ एवढंच लिहिलं तर कुणाला पटणार? ‘त्याच दिवशी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, दवाखान्याची चिठ्ठी जोडली आहे’ असं लिहा. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आलेत, हे कारण मनातच ठेवा. वर दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं, नेमलेली तारीख. एक प्रत समोरच्या वकिलांना आधीच द्या, म्हणजे त्यांचं म्हणणं लगेच येतं.

नवखे लोक चुकतात ते इथं:

- अर्ज दिला की तारीख मिळालीच, असं धरून घरी जातात. सोलापुरात उन्हाळ्यात जीव नकोसा होतो खरा, पण पुकारा होईपर्यंत, म्हणजे कोर्टात तुमच्या दाव्याचं नाव घेतलं जाईपर्यंत, थांबाच. अर्ज नामंजूर झाला तर काम त्याच दिवशी पुढं चालू शकतं, आणि तुम्ही नसलात तर तुमच्या पाठीमागं.
- साक्षीदार येऊन बसलेला असताना मुदत मागतात. त्याच्या भत्त्याचा खर्च अंगावर येऊ शकतो.
- मुदती उधळतात. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला 3 पेक्षा जास्त मुदती देऊ नयेत, असं आहे.

फौजदारीचं गणित वेगळं, ते आत्ता नको. पुढची तारीख बेंच क्लार्कला (कोर्टातल्या कारकुनाला) विचारून वहीत लिहा आणि संध्याकाळी ई-कोर्ट्स अ‍ॅपवर सीएनआर नंबर (दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून ताडून बघा.