संत्रं न कापता ते आतून गोड आहे का हे प्रकाशाने खरंच कळतं का?

हो, कळतं, आणि बऱ्यापैकी अचूक कळतं. यात नियर इन्फ्रारेड म्हणजे साधारण 700 ते 1100 नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात, तो डोळ्याला दिसत नाही पण सालीतून आत शिरतो, आतल्या पाणी आणि साखरेचे रेणू त्यातला थोडा थोडा शोषून घेतात आणि जो उरलेला बाहेर येतो तो सेन्सर मोजतो. पाण्याची मोठी खूण, म्हणजे जिथे प्रकाश जास्त शोषला जातो ती जागा, 970 नॅनोमीटरच्या आसपास दिसते, साखरेच्या खुणा मात्र तिच्याखाली दबलेल्या असतात, म्हणून नुसता ग्राफ बघून काही कळत नाही. आधी भरपूर फळं स्कॅन करायची, मग तीच पिळून रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या उपकरणावर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या मुख्यतः साखरेचं प्रमाण, बघायचा आणि दोन्हीची सांगड घालणारं गणिती मॉडेल बनवायचं. म्हणजे सुरुवातीला फळं कापावी लागतातच, हे कोणी सांगत नाही!

खरी अडचण सालीची. सफरचंदाची साल पातळ, पण संत्र्याला सालीखाली तो पांढरा कापसासारखा थर असतो ना, तो प्रकाश इकडेतिकडे पसरवतो, त्यामुळे जाड सालीच्या फळात नुसता परत आलेला प्रकाश मोजला तर बरीचशी सालच मोजली जाते. अशा वेळी एका बाजूने प्रकाश सोडून दुसरीकडून पकडलेला बरा, आतून कोरडं पडलेलं फळही त्यात सापडतं.

आंबटपणा मात्र यावर फार विसंबून ठरवू नका, आम्लाचं प्रमाण साखरेपेक्षा खूपच कमी असतं. आणि फ्रीजमधलं गार फळ लगेच स्कॅन करू नका, तापमानाने पाण्याची खूण सरकते आणि आकडा चुकतो.